साठ फूट वजा

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
गास्केटवाल्याच्या डोक्यावर माझं टेबल.
त्यावर काचेची घंटा, हातपंप,
आणि विमानांतून काढून आणलेली
उंची सांगणारी घड्याळं.
घंटेतली हवा ओढत जातो, तसा काटा चढतो :
हजार, तीन हजार, आठ.
मी स्टुलावरच. खाली रबर कापायची धपधप.

कॅप्टन लोबोंनी एकच घड्याळ तिसऱ्यांदा परत पाठवलं.
‘खोटं बोलतंय.’
माझ्याकडे तर खरं बोलतं, मी म्हटलं.
‘मग चल. बस शेजारी.’

चार सीटचं विमान. दार
जुन्या व्हॅनसारखं दोनदा आपटल्यावर लागलं.
चढताना कानात कुणी कापसाचा बोळा कोंबत गेलं.
‘आवंढा गिळ,’ लोबो ओरडले.
खाली खाडी, दुधाळ चहाच्या रंगाची,
ऐरोलीचा पूल,
आणि एक पत्रा चमकला. तो आमचाच,
असं मी ठरवून टाकलं.
मांडीवरचं वेफर्सचं पाकीट
पोट फुगवून बसलेलं.
काटा मात्र रेंगाळत, दमलेल्या माणसासारखा
आमच्या मागून जिने चढत होता.

मग त्यांनी पॅनेलखालची एक खुंटी ओढली.
‘आता याला बाहेरची नाही,
आपलीच हवा पाजू.’
काट्यानं उडीच मारली, आणि
होतो त्याच्याही वर जाऊन थांबला.
‘साठ फूट वजा कर. पुस्तकात लिहिलंय.’
का?
‘बाहेरचा वारा जाता जाता
फटीफटीतून आतली हवा शोषतो.
कॉकपिट बंद असतं रे,
हवाबंद नसतं.’

उतरल्यावर मी विमानाच्या कुशीला गाल टेकवून पाहिलं :
टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकात माती.
कुंभारमाशीचं काम. गुळगुळीत,
बोटाच्या पेरानं लिंपल्यासारखं.
तीनदा मी घड्याळ उघडलं होतं.
काडीनं ती माती उकरली, काड्यापेटीत ठेवली.
का ठेवली, माहीत नाही.

घरी मालिनीनं विचारलं,
वर्कशॉपचं कसं चाललंय?
चाललंय की बरं, मी म्हटलं.
ती भाकरी थापता थापता थांबली,
माझ्याकडे बघत राहिली,
मनातल्या मनात काहीतरी वजा करत.
मग काहीतरी बोललीही.
माझा डावा कान
अजून उघडला नव्हता.