कुठं अडलं

तीन कॉलेजं उरलीत.
पुणं, गुवाहाटी आणि बेंगळुरूचं ते एक,
ज्याची फी पप्पांनी दोनदा मोजली:
आधी स्वतःच्या साडेनऊ बोटांवर,
मग खात्रीसाठी माझ्या.

शिरोळचा मामा चहात बटर बुडवत विचारतो,
"मानव-संगणक... फुडं काय म्हणालीस?"
आंतरक्रिया.
"मग सरळ कॉम्प्युटरच घे की.
त्यात माणूस कशाला घालतीस?"
सगळे हसतात. मीही.
बटर तुटून कपात पडतं.

उत्तर उद्यमनगरात आहे, पत्र्याच्या शेडात.
त्या प्रेसचं चालू करायचं बटण समोर, हाताशी, हिरवं.
थांबवायचं मागं,
ऑइलच्या डब्याआड.
मी जन्मायच्या आधीपासून पप्पा सांगतात,
"माझंच ध्यान नव्हतं."
मालकानं तेच लिहून घेतलं, दवाखान्यानंही.
दहावीत डबा द्यायला गेले
तेव्हा मी ते बटण शोधून बघितलं.
सात मोजेपर्यंत सापडलं नाही.
आणि मशीन तर बंद होतं.

हे कुठं शिकवतात, एवढंच बघायचं होतं मला.
पण क्लासच्या सरांनी लाल पेनानं
रँक लिहिली, पॅकेज लिहिलं, खाली दोन रेघा.
आईनं नकाशावर वीत टेकवली:
गुवाहाटी दीड वीत.
"एवढ्या लांब शेंगदाण्याची चटणी टिकंल,
पर तू?"

काल रात्री तिन्ही अर्ज फोनवर उघडले,
फोन पप्पांच्या हातात दिला.
पालकाचं पान तुम्ही भरा. मी बोलणार नाही.
पहिल्यात ओटीपी येईपर्यंत पान मिटलं.
दुसऱ्यात अर्धं बोट
दर वेळी खालच्याच चौकटीवर पडलं.
तिसऱ्यात जन्मसाल सरकवत सरकवत
एकोणीसशे नव्वदपर्यंत आले, आणि दमले.
तिन्ही वेळा म्हणाले,
"माझंच चुकतंय बघ."
मी ओठ चावून गप्प.

सकाळी तिन्हीकडं फोन लावला.
एक म्हणाला, नेट कॅफेतून भरून घ्या.
एकीकडं नुसतीच बासरी वाजत राहिली.
गुवाहाटीच्या बाईंचं हिंदी माझ्याइतकंच लंगडं.
म्हणाल्या, थांबा, लिहून घेते.
नेमके कुठं अडले?
किती वेळा?
आणि जरा थांबून,
कुठलं बोट?

पप्पा भाकरी खात ऐकत होते.
"फी तेवढीच हाय न्हवं?"
तेवढीच.
"आणि लांबबी तेवढंच."
हो.
त्यांनी हात धुतला,
फोन बनियनला पुसला.
"आण हिकडं.
ती बाई लिहून घेणार असंल
तर जरा नीट अडून दाखवतो."