सरकार, पेपर दुसरा

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी सरकार शिकवतो.
विषयाचं नावच ते. वेळापत्रकात
सोमवारी तिसरा तास: सरकार.
"आज सरकार आजारी आहे का, सर?" पोरं विचारतात.
मी खोकतो. हरमाटन सुटलाय,
फळ्यावरची धूळ खडूची किती, सहाराची किती,
कोण निवडत बसणार.

प्रौढ मताधिकाराची पाच वैशिष्ट्यं लिहा.
पाचच. परीक्षा मंडळाला पाच फार प्रिय:
संसदेची पाच कामं, लष्करी राजवटीचे पाच दोष,
एका हाताच्या बोटांवर मावेल एवढाच देश.
तलाता मागच्या बाकावर टोपली विणते,
तास चालू असताना.
मी बघून न बघितल्यासारखं करतो,
कारण तिच्या वह्या त्याच टोपलीतून येतात,
आणि उत्तरंही तिलाच येतात.

सात डिसेंबरला मी मतदान केंद्रावर.
अशा कामाला शिक्षकच सापडतात.
न्यारिगाच्या प्राथमिक शाळेची पडवी,
गळ्यात बिल्ला, पुढ्यात यंत्र,
कडुनिंबापासून कडुनिंबापर्यंत दोरी.
दोरीच्या पलीकडे तलाता, वय सतरा वर्षं दहा महिने.
अलीकडे तिची आई, आतिपोका.

तिने हात पुढे केले तसा पक्षाचा एजंट ओरडला,
"हिचं मत देऊन झालंय! बोटं बघा!"
जांभळी. नखांच्या मुळापर्यंत, दहाच्या दहा.
"मग दहा वेळा दिलं असेल," रांगेतली म्हातारी म्हणाली.
"अरे, काड्या रंगवते ती.
तुझी बायको बाजाराला जाते ती टोपली
कुणाच्या हातची आहे, विचार घरी."

अंगठा. लाल दिवा.
दुसरा अंगठा. लाल.
तर्जनी, मधलं, परत अंगठा.
तीस वर्षं काडी दातांनी चिरायची,
तळव्यावर वळायची, ओढून ओढून घट्ट करायची;
रेषा उरल्याच नव्हत्या.
ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत बोटं,
यंत्राला तिथे कुणीच सापडेना.

तलाता काही बोलली नाही.
दोरीच्या आत शब्द टाकायचा नाही,
हे मीच शिकवलेलं.
फक्त तिचे ओठ हलत होते, मला दिसले:
एक, प्रत्येक प्रौढास. दोन, स्त्री-पुरुष भेद न करता.
तीन, संपत्तीची अट नाही. चार...
माझ्याच नोट्स, माझ्याच चुकीच्या विरामचिन्हांसकट.

आतिपोका पंपावर गेली, राखेने हात घासून आली.
बोटं तेवढीच जांभळी, फक्त गार.
"आता ओळख," म्हणाली.
मला वाटलं मला, पण ती यंत्राशी बोलत होती.
डाव्या हाताची करंगळी,
विणताना जी जरा बाहेर राहते, आळशी, ती.
हिरवा.
रांगेत कुणीतरी लग्नातल्यासारखी किलकारी मारली
आणि मी, सरकारी माणूस, हसू आवरत
"शांतता" म्हणालो.

ती आडोशाला गेली, आली, कागद पेटीत टाकला.
मग शाई.
मी करंगळी बाटलीत बुडवून वर काढली.
काही दिसेना. जांभळ्यावर जांभळं.
नियम आहे म्हणून पुन्हा बुडवली.
एजंटाने वहीत काहीतरी लिहिलं.
ती घाईत होती, घरी टोपली अर्धी होती,
रंगाचं भांडं चुलीवर.

जानेवारीत सराव परीक्षा.
वीज गेलीय, टॉर्च दातांत धरून मी पेपर तपासतोय.
तलाताने चार वैशिष्ट्यं लिहिलीत, मुद्देसूद.
पाचव्याच्या जागी:
"सर, माझ्या आईने मत दिलं
हे आता तिच्याकडे बघून कुणाला कळणार?"

प्रश्नाला गुण द्यायची सोय नमुना उत्तरपत्रिकेत नाही.
पंचवीसपैकी वीस देतो,
पेपर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतो.
दोन पेपर तपासून होतात.
मग पुन्हा तो वर काढतो.