खांद्यापर्यंतचे हातमोजे

परिपत्रक आलं मंगळवारी,
तीन पानी, जावक क्रमांकासह:
कर्मचाऱ्यांनी खांद्यापर्यंतचे हातमोजे वापरावेत.
लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये.
मी वाचून सही केली.
रुबाब तडवीनेही केली, उजव्या हाताने.
सोमवारी तोच हात
डोंगरकठोऱ्याच्या एका बैलाच्या घशात
कोपरापर्यंत होता.

"गयात केय अटकेल हाये, डाक्टरीणबाई,"
लीलाधरभाऊ म्हणाले होते.
केळीच्या मुलखात बैलाच्या घशात
केळच अडकणार, दुसरं काय.
केळ नव्हतं. दोरही नव्हता.
गिळता न येणारी तहान होती नुसती,
आणि मागच्या पायाला, खुराच्या वर,
महिन्याभरापूर्वीची खूण.
"तरसाची. हळद भरली. भरून आलं."

हातमोज्यांचा खोका कपाटात होता,
तपासणीला साठा पूर्ण दिसावा म्हणून.
किल्ली माझ्या पर्समध्ये.
हे परिपत्रकात नाही.

बैल खोड्यातून काढून चिंचेला बांधला, साखळीने.
त्याला अंधार द्या, मी म्हटलं,
पाण्याचा आवाज सोसत नाही त्याला.
लीलाधरभाऊंनी ठिबकची मोटर बंद केली.
मे महिना, बाग नुकती निसवलेली,
दोन दिवस पानं कडेने करपत गेली
आणि ते बांधावर बसून राहिले,
ना बागेकडे बघत, ना बैलाकडे.

वेदनारहित, असा शब्द आहे नियमात.
ते औषध जिल्ह्याला होतं.
मी दोनदा फोन केला, एकदा ओरडले.
गुंगीचं होतं तेवढं दिलं.

बुधवारी वनरक्षक आला, सुपडू कोळी, धापा टाकत:
पोरं नाल्यातल्या घळीत मिरचीचा धूर करताहेत,
तुम्ही सांगितलं तर ऐकतील.
मी गेले. म्हटलं, चावलं ते तरस
केव्हाच मेलं असेल,
असंच, पाण्याकडे पाठ करून.
आत आता दुसरं कुणी असेल, पिलांसकट.
एकाने काडी विझवली.
बाकीचे नुसते उभे राहिले, मिरच्यांची पिशवी घेऊन.
मी निघेपर्यंत तरी.

गुरुवारी पहाटे बैल गेला.
खड्डा सहा फूट, चुना दोन गोण्या.
मोटर सुरू झाली तेव्हा
सगळ्यांनीच आवाजाकडे मान वळवली.

रुबाबला मी स्कूटरवर यावलला नेते,
पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या.
चौदावा राहिलाय, अठ्ठाविसावा राहिलाय.
"म्याडम, आता माझ्याबी कानात बिल्ला मारा,
बारा आकडी," तो म्हणतो.
मी हसत नाही, आरशात तो बघतो
आणि मग तोही थांबतो.

खोका आता टेबलावर असतो, उघडा.
आज जार अडकलेली म्हैस आली.
रुबाबने मोजा काढला, तोंडाशी धरून फुंकला,
भोक आहे का बघायला.
पाच बोटांचा लांबलचक फुगा उभा राहिला हवेत
आणि म्हैस बुजली,
दावं तोडून थेट रस्त्यापर्यंत.