फाटक

दुकानात त्या शनिवारी एकोणीस सायकली होत्या
आणि गिऱ्हाईक एक.
मेरेरिदबाई, पोस्टातून निवृत्त.
एकतीस वर्षं या वेल्श खोऱ्यात पत्रं टाकली त्यांनी,
कुत्र्यांची नावं माणसांच्या आधी सांगतात.

इद्वलकाका हात फडक्याला पुसत बाहेर आले
आणि सुरू झाले.
समोर स्लेटच्या ढिगाऱ्यावर ऊन पडलं, गेलं, पुन्हा आलं,
काका अजून पुढच्या शॉकवरच होते.

ही बघा, पुढे शॉक, मागेही शॉक,
दगडांवरून उडी घ्या, लोण्यावर उतराल.
"उडी मी कशाला घेऊ?"
काकांना उत्तर सुचेना.
मीच मध्ये पडलो, म्हटलं, घ्यायलाच हवी असं नाही.

मग बाईंनी आपले रस्ते सांगितले.
घरापासून उतार, कोपऱ्यावर डांबर उखडलेलं,
तीन खड्डे, एकाला कौन्सिलरचं नाव पडलंय.
पुढे जुन्या ट्रामची वाट,
खाणीतून स्लेट यायची तिथून, आता मेंढ्या येतात.
तळ्याला एक फेरी,
ग्वेनोच्या दाराशी चहा,
ग्वेनो नसेल तर चहाविना परत.
येताना बटाटे.
"जग पालथं घालायचं नाही मला."

मी सोळा वर्षांचा, कामाला लागून चार महिने.
वाटायचं, सायकल जेवढी महाग
तेवढा डोंगर जवळ.
वहीत माझ्या किमती होत्या, ग्रॅममध्ये वजनं होती.
बटाट्यांना रकाना नव्हता.

काकांनी मग मागे शॉक नसलेली काढली.
हिरवी. हिरवी तरी कसली,
शेवाळानं मधेच विचार बदलावा तशी.
टायर जाड, पण डांबरावर भुणभुण करणार नाहीत इतपत.
पुढे एक चक्र, मागे दहा, कुरकुरायला कमी जागा.
मधली नळी खाली झुकलेली, पाय पटकन टेकतात.
बाईंची बोटं आता थंडीत आखडतात,
काकांनी पाना घेऊन ब्रेकची मूठ जवळ आणली,
न विचारता.
कॅरियरला भोकं आहेत, हे मात्र दोनदा सांगितलं.

"चला, फाटकापाशी."

दुकानामागे आहे ते, ट्रामवाटेच्या तोंडाशी.
मेंढी अडते, माणूस वळून निघतो,
सायकल मात्र मागच्या चाकावर उभी करून
घोड्यासारखी फिरवावी लागते.

आधी महागडी.
बाईंनी उभी केली, आणि हँडल खांबात अडकलं,
इतकं रुंद, की कुणी मिठी मारायला आल्यासारखं.
काका धावले.
"हात नको. तुम्ही रोज येणार आहात का इथे?"

मग हिरवी.
उचलली. फिरवली. एक पाऊल मागे,
एक शिवी, हळू, वेल्शमधली,
आणि फाटक मागे खणकन मिटलं.
बाई पलीकडे.

"जरा बघून येते," म्हणाल्या, आणि गेल्या.

पंधरा मिनिटं. अर्धा तास.
पर्स काउंटरवर, पैसे दिलेले नाहीत.
काका घड्याळाकडे बघत नव्हते,
फार लक्ष देऊन बघत नव्हते.
बारीक पाऊस आला, तो इथे मोजत नाहीत.

पन्नासाव्या मिनिटाला समोरच्या दारातून आल्या,
पोटऱ्यांवर करडा चिखल, हँडलला बटाट्यांची पिशवी,
(उधार आणले असणार, पर्स तर इथेच होती)
गाल असे लाल, की मला उगाच लाजल्यासारखं झालं.
"ग्वेनो घरी होती."

काकांनी बिल फाडलं.
बाई सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाल्या,
"हिला घंटी नाही."
काकांनी खण काउंटरवर पालथा केला.
सात घंट्या.
बाईंनी एकेक वाजवली, कानाशी धरून,
पुन्हा पहिलीपासून.
सायकल निवडायला लागला नव्हता एवढा वेळ गेला,
बटाट्यांची माती काउंटरवर सांडत राहिली,
आणि शेवटी त्यांनी घेतली
ती घसा बसलेली.