डोळ्यात तेल

मी डॉक्टर नाही. मी कान आहे.
लीमाच्या सरकारी इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
मिटलेल्या पापणीला थंड जेल लावून
डोळ्यामागच्या रक्ताचा आवाज ऐकते.
फुस्स. फुस्स.
धमनी दोन केसांएवढी,
तरी तिला स्वतःची चाल असते.

जूनमध्ये एउलोहिया मायता आली,
वांकावेलिकाच्याही वरून, चौदा तास बसने,
डाव्या डोळ्यावर तळहात धरून,
जणू आतलं काही सांडेल.
भाचा रोस्वेल तिची केचुआ स्पॅनिशमध्ये आणत होता,
अर्धी वाटेतच गळत होती.
आधी काजवे, म्हणाली. मग काजळीचे कण.
मग नाकाच्या बाजूने काळं पाणी चढू लागलं
आणि कळपातल्या अल्पाका
एकेक करून त्यात उतरल्या.
तिनं बावीस मोजल्या.
होत्या एकतीस.

पडदा सुटला होता.
त्याच्या मागच्या भिंतीत रक्ताची केवढी वर्दळ,
आणि हा तिच्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर
उपाशी, पाण्यात हलत.
ताट वाढलेलं आहे, हात पोचत नाही.
माझ्या यंत्रात त्या दिवशी सेकंदाला सहा सेंटिमीटर.
उजव्यात अकरा.
आकडा लिहिला, खाली सही केली.
मला तेवढंच येतं.

डॉक्टर वाल्दिविएसो म्हणाल्या,
गॅसचा बुडबुडा भरू. पडदा दाबून बसवेल,
मग आपोआप विरेल.
पण दोन महिने डोंगर चढायचा नाही.
वर हवा विरळ, बुडबुडा फुगतो,
डोळ्यातलं रक्त थांबतं.
रोस्वेलला हे सांगायला बराच वेळ लागला.
एउलोहियानं एवढंच विचारलं,
"म्हणजे माझं घर डोळ्याला वाईट?"
घर साडेचार हजार मीटरवर.
कोणीच बोललं नाही.
शेवटी तेल ठरलं. सिलिकॉनचं, नितळ,
कुठल्याच घाटाला न भिणारं.
फक्त ते काढायला परत यावं लागतं.

डोळ्यात तेल घालून जागतात म्हणे लोक.
ती डोळ्यात तेल घालून पालथी पडली,
आठ दिवस, कपाळ उशीच्या भोकात,
फरशीवरल्या एका भेगेशी पुटपुटत.
नर्सला वाटलं, प्रार्थना करते.
रोस्वेल म्हणाला, छे,
आत्या अल्पाकांना हाका मारतेय. नावानिशी.
मी एकदा वाकून ऐकलं.
एकतिसावीपर्यंत पोचेस्तोवर
माझा चहा गार झाला.

सहाव्या महिन्यात बोलावलं होतं.
आली नवव्यात.
कळप सोडून कसं यायचं, म्हणाली,
आणि ते बरोबरच होतं.
तेलातून ध्वनी सावकाश चालतो,
म्हणून यंत्रावर तिचा डोळा
आहे त्याहून लांबलचक उमटला.
यंत्राला तेल कळत नाही. त्याला वाटतं, अंतर वाढलं.
त्या लांब डोळ्याच्या पार टोकाशी, मागे,
फुस्स.
नऊ.
अकरा नाही. अकरा होईलसं मला वाटत नाही.
ऐकायचंय का, विचारलं, आणि आवाज वाढवला.
ती ऐकत राहिली, मग भाच्याच्या कानाशी लागली.
तो हसला. म्हणे,
बर्फाखाली आमचा ओढा असाच वाजतो.

किती दिसतं?
दाराची चौकट. माझा पांढरा कोट, चेहरा सोडून.
आणि अल्पाका?
लोकर दिसते, म्हणाली. पाय नाही दिसत.
पण मोजायला लोकर पुरते.

जाताना टेबलाखाली बटाट्यांची पिशवी ठेवून गेली,
जांभळे, वेडेवाकडे, माती लागलेले.
घरी नेले, फडताळात टाकले, विसरले.
काल दार उघडलं.
आत अंधार, तेलाची बाटली,
आणि तिच्या शेजारी
एकूण एक बटाट्याला
डोळे फुटलेले.