अर्धा गुण

गुरुवारी रात्री नऊ वाजता
रोसामेल कोट-टाय चढवून कॅमेऱ्यासमोर बसतो.
टेबलाखाली पायजमा आहे, हे सगळ्यांना ठाऊक.
तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा राहिलेला माणूस,
कमरेच्या वरच नीटनेटका असायची सवय.

"सभ्य स्त्री-पुरुषहो," असं म्हणून तो चिठ्ठ्या पिसतो.
सभ्य कोण, ते विचारू नका.

बझर ज्याचा त्याचा.
हिमेना तिकडे वाल्दिव्हियात कढईवर डाव आपटते.
सामुद्रधुनीपलीकडचे जुळे भाऊ
सायकलची एकच घंटा भांडून भांडून वाजवतात.
माझं किल्ल्यांचं दुकान,
मी एक जुडगा खुळखुळवते.
आणि बाल्दोमेरो,
जिथे नकाशा नुसता पांढरा होतो
तिथे तळावरचा जनरेटर राखत हिवाळा काढणारा,
रिकाम्या पिंपावर पाना मारतो. ठण्ण.

ते ठण्ण पुन्ता आरेनासला पोचायला
अकरा सेकंद लागतात. हिमेनाने मोजलेत.
तोवर रोसामेल पुढच्या चिठ्ठीवर असतो.
वरातीमागून घोडं,
पण घोडं मोठं हुशार.

"ऑक्टोपसला हृदयं किती?"
कढई. "दोन!" चूक.
घंटा. "आठ!" त्याहून चूक.
"सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह?"
ठण्ण. "तीन!"
"बुद्धिबळाच्या पटावर घरं किती?"
ठण्ण. "गुरू!"
जुळ्यांपैकी एक खुर्चीवरून पडला,
कुठला ते पडल्यावरही कळलं नाही.

नियम म्हणजे नियम, रोसामेल म्हणतो,
उत्तर वेळेत नाही तर गुण नाही.
सात महिने बाल्दोमेरो शून्यावर आहे
आणि आमच्यात सगळ्यात जास्त बरोबर तोच.

आज रोसामेल चष्मा पुसायला थांबला,
तेवढ्या फटीत मी घुसले.
खेळातला प्रश्न नव्हता तो.
जूनपासून जिभेवर होता,
दर गुरुवारी गिळलेला.

"बाल्दोमेरो, डिसेंबरच्या जहाजाने येतोयस ना?"

पिंप वाजलं.
"चौसष्ट!"

सगळे हसले. मीही हसले,
हसू सगळ्यात सोपं पडतं अशा वेळी.
जुडगा हातात होता, त्यात त्याच्या घराची किल्ली.
महिन्यातून दोनदा मी जाते,
पाइप गोठू नयेत म्हणून नळ थोडा सोडते,
टेबलावरून हात फिरवते,
कलाफातेच्या मुरंब्याची बरणी तशीच झाकून ठेवते.
ते फळ खाल्लं की माणूस परत येतो म्हणतात इकडे.
निघायच्या सकाळी त्याने चार चमचे खाल्ले होते,
मोजले नव्हते, दिसले.

रोसामेलने चष्मा चढवला. त्याला काहीच कळलं नव्हतं,
किंवा सगळं कळून त्याने पुढची चिठ्ठी उचलली.
"एम्परर पेंग्विनचा नर
अंडं पायांवर सांभाळत उपाशी उभा राहतो,
किती काळ?"

कढई गप्प. घंटा गप्प.
वाऱ्याने माझ्या खिडकीची काच कण्हली.
पिंप वाजलं नाही या वेळी,
नुसता आवाज आला, खरखरीत, हळू:
"आणखी एक हिवाळा."

कोणी हसलं नाही.
रोसामेलच्या चिठ्ठीवर पासष्ट दिवस लिहिलेले असणार.
त्याने चिठ्ठी पाहिली, उलटी ठेवली,
टायची गाठ उगाच सैल केली.
"अर्धा गुण," तो म्हणाला.
"नियमात बसत नाही," एक जुळा.
"गप्प बस रे," दुसरा.

मग पुढचा प्रश्न आला, नद्यांचा होता बहुतेक.
माझ्या हातातला जुडगा आपोआप खुळखुळला.
"ओदिल्या? उत्तर?"
मी प्रश्नच ऐकला नव्हता.
"पास," मी म्हणाले.

पडद्यावर बाल्दोमेरो अजून
आधीच्या अर्ध्या गुणाला हसत होता.
माझं पास त्याच्याकडे
अजून पोचायचं होतं.