रंगाखालचं लोखंड

मागच्या बंपरवर अँटेनाची गोटी बसवताना
ऑर्व्हिलने आधी रंग खरवडला,
लोखंड उघडं पडेपर्यंत.
"रंगावरून बोलणं पोचत नाही," म्हणाला.
त्या आठवड्यातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य.

मग स्प्रिंग, तिच्यावर पोलादी छडी,
माझ्याहून साडेतीन फूट उंच.
गावात तिला वाकवून पुढे दोरीने बांधते.
विसरले त्या दिवशी रॉलिन्सच्या पंपाचं छप्पर
टण्णकन वाजलं,
गल्ल्यावरची पोरगी मान वर न करता म्हणाली,
"लोरीन आली."

शेवटच्या गोठ्यापाशी गाठ सोडते.
छडी सपकन उभी राहते, थरथरते,
वायोमिंगच्या वाऱ्याशी हुज्जत घालते.

आणि मग घरून तो बोलतो.
जेवताना फक्त मीठ मागणारा माणूस
चौदा नंबरच्या चॅनलवर सांगतो
कुत्री कुठे झोपलीये, गुडघा काय म्हणतो,
एकाहत्तरच्या हिमवादळात
वासरू खांद्यावर घेऊन तो का रडला होता.
मधेच कुणी ट्रकवाला खाकरतो,
"चालू द्या, मी ऐकत नाहीये."

टेकडीपलीकडे नुसती खरखर.
म्हणून माथ्यावरच गाडी थांबवते, इंजिन चालू ठेवून.
गवताचे भारे पोचायला उशीर होतो.
होऊ दे.